पहिली दहा मिनिटं रिसॉर्टची

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, मुंबई

महोदय,

शनिवारी सकाळी कसारा घाट चढून येणाऱ्या सगळ्याच गाड्या आता पंचवटीला जात नाहीत. काही इगतपुरी-भावलीला वळतात, काही वैतरणेकडे, काही त्र्यंबक रस्त्याला. गंगापूर धरणाच्या काठाला वाइनरी आहेत, तंबूंचे कॅम्प आहेत, तुमच्या महामंडळाचं ग्रेप पार्क रिसॉर्टही तिथेच आहे. आम्हा नाशिककरांना याचा आनंद आहे. आसपासच्या गावांतल्या पोरांना यातून काम मिळतं. पण मुक्कामाच्या पाहुण्याच्या छातीत मध्यरात्री कळ आली तर काय करायचं, हे त्या पोरांना कोणीच शिकवलेलं नसतं. त्यासाठी हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात माझ्या काकांवर ही वेळ आली. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेजारच्या दहा ठिकाणी हेच झालं असतं. जेवणानंतर त्यांना दरदरून घाम फुटला, डावा हात भरून आला. रिसेप्शनवरचा मुलगा धावत आला, पाणी दिलं, काकूंना धीर दिला. माणुसकीत तो कुठेच कमी पडला नाही. पण १०८ ला फोन लागल्यावर पत्ता काय सांगायचा हे त्याला माहीत नव्हतं. मुख्य रस्त्यावरच्या फाट्याला पाटी नव्हती. गाडी आत येईल असं मोठं फाटक कुलूपबंद, किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर गावाला गेलेला. शेवटी आमच्याच गाडीच्या मागच्या सीटवर काकांना निजवून आम्ही नाशिक गाठलं. काका वाचले, ते नशिबाने.

१०८ ला मी दोष देणार नाही. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. पण धुक्यात, मळ्यातल्या कच्च्या रस्त्याने यायला गाडीला वेळ लागणारच, आणि हृदय बंद पडलेल्या माणसाकडे तो वेळ नसतो. छाती दाबली गेली नाही आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. शेन वॉर्न ४ मार्च २०२२ ला थायलंडच्या को सामुई बेटावर सुट्टीवर असताना गेला, अवघ्या ५२ व्या वर्षी. रुग्णवाहिका येईपर्यंत मित्र वीसेक मिनिटं त्याला वाचवण्यासाठी झटत होते.

उलट बाजूचा दाखला अमेरिकेतल्या कॅसिनोंचा आहे. तिथल्या सुरक्षारक्षकांना छाती दाबायला आणि एईडी नावाचं झटका देणारं यंत्र वापरायला शिकवलं गेलं. त्याचे निष्कर्ष २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. झटक्याने पूर्ववत होऊ शकेल अशा प्रकारे ज्यांचं हृदय बंद पडलं होतं, त्यांच्यापैकी कोसळल्यापासून तीन मिनिटांत झटका मिळालेले ७४ टक्के रुग्ण वाचले. तीन मिनिटांहून उशीर झालेल्यांतले ४९ टक्के. हे काम दारावरच्या रखवालदारांनी केलं. तसा माणूस आपल्याही प्रत्येक रिसॉर्टच्या फाटकावर उभा असतो.

दुसरी भीती सापाची, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरांत ती शहरी पाहुण्याच्या ध्यानीमनीही नसते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश पुष्कळदा दुखतही नाही. सकाळी पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, म्हणून माणूस उठतो तोवर विष भिनलेलं असतं. तंबूत जमिनीवर गाद्या टाकून पाहुण्यांना झोपवणाऱ्या कॅम्पवाल्यांना हे ठाऊक असायलाच हवं. दंशावर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत, हातपाय हलू द्यायचे नाहीत, आणि जिथे प्रतिविष आहे अशा सरकारी दवाखान्यात थेट न्यायचं, एवढंच तर शिकवायचं आहे. महाडजवळच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे साधं औषध वापरून असंख्य जीव वाचवले. आडवळणाच्या गावातही माणूस वाचवता येतो, हे याच महाराष्ट्राने जगाला दाखवलेलं आहे.

तुमच्याकडे मागणं मोठं नाही. आग विझवायचं नळकांडं प्रत्येक मजल्यावर टांगलेलं असतं, कारण ते नसलं तर परवानगी अडते. तशीच अट इथे घाला. प्रत्येक पाळीत छाती दाबता येणारी निदान दोन माणसं असावीत. मोठ्या रिसॉर्टमध्ये एईडी असावं. लाखभराच्या घरातलं यंत्र आहे, पोहण्याचा तलाव बांधणाऱ्याला ते जड नाही. खोलीत जेवणाचं कार्ड ठेवता, त्याच्याच मागे जागेचा पूर्ण पत्ता, फाट्याची खूण, प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय आणि रात्री गाडी काढणाऱ्या चालकाचा नंबर मराठीत छापा. फाटकाची किल्ली फाटकावरच राहू द्या. खासगी जागांची नोंदणी पर्यटन संचालनालय करतं हे मला माहीत आहे, पण महामंडळाने आपल्या रिसॉर्टमध्ये हे आधी करून दाखवलं तर संचालनालयालाही अट घालणं सोपं जाईल.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं ठरलं आहे आणि अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भर पावसात आहेत. तेव्हा येणाऱ्यांत वयस्कर माणसं मोठ्या संख्येने असतील आणि शहरात जागा न मिळालेले याच रिसॉर्ट-कॅम्पमध्ये उतरतील. त्याआधी गंगापूर धरणाकाठच्या तुमच्या स्वतःच्या रिसॉर्टमधल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण पूर्ण करा आणि ते झाल्याचं जाहीर करा, ही विनंती.

आपली,
एक नाशिककर