नाव की रांगेतला नंबर?

आत्या, आधी तुझी माफी मागतो. भाऊबीजेला तू म्हटलेल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग गेलं. चूक माझी, कबूल. पण सगळीच माझी नाही, आणि आज त्यावरच भांडायचंय.

घरच्या लिनक्स मशीनला दोन जादा डिस्क आहेत. मूळ फाइल्सची 'एसडीबी', बॅकअपची 'एसडीसी'. दर रविवारी रात्री एक स्क्रिप्ट पहिलीवरचं दुसरीवर उतरवते आणि पहिलीवर नसलेलं दुसरीवरून पुसून टाकते. त्या रविवारी इथे नाशकात वीज गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि दोघींची नावं अदलाबदल झाली. स्क्रिप्टने इमानेइतबारे मूळ डिस्कच जुन्या बॅकअपसारखी करून ठेवली. ओव्या अजून बॅकअपवर गेल्याच नव्हत्या.

मित्र म्हणतात, "मॅन्युअल वाचायचं ना! ही नावं कायमची नसतातच." अरे, मग त्यांना नाव कशाला म्हणता? कर्नेलला जी डिस्क आधी सापडेल ती 'ए', पुढची 'बी'. हा तर रांगेतला नंबर झाला! जुन्या आयडीईच्या काळात 'एचडीए' म्हणजे पहिल्या केबलवरची मास्टर डिस्क. केबल हलवेपर्यंत नाव हलत नसे. आधी ती सवय लावायची, मग तसंच दिसणारं पण पळणारं नाव हातात द्यायचं, आणि वर आम्हालाच अडाणी ठरवायचं.

बरं, उपाय नाही असंही नाही. यूयूआयडी आहे; उबुंटूने २००६ मध्ये ६.१० पासून एफएसटॅबमध्ये तोच घातला. सिरियल नंबरवरून ओळखणारं 'बाय-आयडी' आहे. नेटवर्क कार्डांच्या 'ईथ०'चा असाच घोळ सिस्टमडीने २०१३ मध्ये निस्तरला. (नवी नावं दिसायला भयंकर आहेत, पण जागची हलत नाहीत.) मग डिस्क पुसण्याच्या, फॉरमॅट करण्याच्या कमांड शिकवताना अजूनही 'एसडीबी'च का लिहितात?

आमच्या रामकुंडावरचे उपाध्ये बघा. तुम्ही घाटावर पहिले आलात की पाचवे, याच्याशी त्यांना घेणं नसतं. गाव विचारतात, आडनाव विचारतात, वही उघडतात आणि पणजोबांची नोंद काढून दाखवतात.

असो. स्क्रिप्टमध्ये आता 'बाय-आयडी' घातलंय, आणि ओळखीची डिस्क दिसली नाही तर ती काही न करता थांबते. आत्या, संक्रांतीला बाबांबरोबर येतोय. जात्यावरच्या सगळ्या ओव्या पुन्हा म्हणशील ना?