कपडे स्वस्त झाले, भेट महागली

२०२१ च्या जुलैअखेरीस बोरिवलीतील एका गृहनिर्माण संस्थेबाहेरच्या रस्त्यावर रहिवाशांनी मोठ्या अक्षरांत 'नो किसिंग झोन' असे रंगवून घेतले. करोनाच्या निर्बंधांमुळे त्या काळात चित्रपटगृहे बंद होती, बागा-समुद्रकिनाऱ्यांवर मर्यादा होत्या आणि जोडपी संध्याकाळी या शांत रस्त्यावर येऊन थांबत. रहिवासी वैतागले आणि त्यांनी रंगाचा डबा काढला. त्या रस्त्याचे छायाचित्र देशभर फिरले, दोन दिवस हसणे झाले आणि विषय संपला. वास्तविक तो तेथे संपायला नको होता. विशीतल्या मुलामुलींनी एकमेकांना भेटायचे कोठे, हा प्रश्न त्या रस्त्यावर शब्दशः लिहिलेला होता. त्याचे उत्तर ना रहिवाशांकडे होते, ना जोडप्यांकडे, ना महापालिकेकडे.

तरुणांच्या बदललेल्या राहणीविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात कपडे आणि मोबाइल यांनाच बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. फॅशन बदलली म्हणून नाती बदलली, असा तो सरधोपट तर्क. प्रत्यक्षात गेल्या दहा वर्षांत घडले आहे ते वेगळेच. चांगले दिसणे कधी नव्हे इतके स्वस्त झाले आणि निवांत भेटणे त्याच प्रमाणात महाग झाले. या दोहोंतील अंतरात आजची पिढी आपली नाती जुळवते आहे आणि त्यातील बरेच धोकेही याच अंतरातून जन्माला येतात.

कपड्यांचे पाहू. वीस वर्षांपूर्वी मुंबईतील महाविद्यालयीन तरुणाची धाव आझाद मैदानालगतचा फॅशन स्ट्रीट किंवा वांद्र्याचा लिंकिंग रोड येथपर्यंत असे. पुण्यात तुळशीबाग, डेक्कनवरील हाँगकाँग लेन आणि कॅम्पातील फॅशन स्ट्रीट. (हा शेवटचा बाजार २६ मार्च २०२१ च्या आगीत जवळजवळ जळून खाक झाला.) 'झारा'ने २०१० मध्ये आणि 'एच अँड एम'ने २०१५ मध्ये भारतात पहिले दुकान उघडले, पण त्यांच्या किमतींच्या चिठ्ठ्या पाहून परत फिरणारेच अधिक. खरा फरक पडला तो टाटा समूहातील 'ट्रेन्ट' कंपनीच्या 'झुडिओ'मुळे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या साखळीत जवळपास सारा माल हजार रुपयांच्या आत मिळतो. मार्च २०२३ अखेरीस तिची ३५२ दुकाने होती, मार्च २०२४ अखेरीस ५४५ आणि मार्च २०२५ अखेरीस ७६५. त्यांतील पुष्कळशी मध्यम आकाराच्या शहरांत आहेत. जोडीला 'मिंत्रा' आणि 'मीशो' यांची घरपोच बाजारपेठ आहेच. सैल खांद्यांचा टी-शर्ट, ढगळ जीन्स, पांढरे बूट हा आजचा सार्वत्रिक गणवेश दीड-दोन हजार रुपयांत पायापासून डोक्यापर्यंत पुरा होतो.

यात उथळपणा शोधणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास आठवावा. महाडच्या १९२७ च्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरच्या जड दागिन्यांचा मुद्दा आवर्जून मांडला होता. पेहरावावरून माणसाची जात ओळखू येत असेल तर तो पेहराव बदला, असा त्या सांगण्याचा रोख होता आणि तेथे जमलेल्या स्त्रियांना तो नेमका कळला. पोशाख ही आपल्या समाजात कधीच केवळ हौसेची बाब नव्हती. आज अंबरनाथचा मुलगा आणि विलेपार्ल्याचा मुलगा एकाच दुकानातला, एकाच रंगाचा शर्ट घालून समोर उभे राहिले तर त्यांच्यातला फरक सांगणे कठीण आहे. ही गोष्ट लहान नाही. कपड्यांनी झाकलेला फरक अर्थात फार काळ झाकलेला राहत नाही. ओळख झाल्यानंतरचा दुसरा किंवा तिसरा प्रश्न असतो, 'राहतोस कुठे?' आणि आडनाव विचारून जे एकेकाळी कळे, ते आता रेल्वे स्थानकाच्या नावावरून कळते.

या साऱ्या व्यवहाराला मराठीत अजून धड शब्द नाही, हेही सूचक आहे. 'डेटिंग'ला पर्याय म्हणून आपल्याजवळ काय आहे? 'भानगड', 'लफडे' हे शब्द निकाल देऊनच सुरू होतात. 'प्रेमप्रकरण' या शब्दाला पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीचा वास आहे. 'त्यांचं जमलंय' म्हणावे तर लग्नाची तारीख विचारली जाते. अजून काहीच ठरलेले नाही, दोन माणसे एकमेकांना पारखत आहेत, एवढ्या साध्या अवस्थेसाठी भाषेने जागा ठेवलेली नाही. मग मुले 'सिच्युएशनशिप', 'घोस्टिंग' असे शब्द उसने आणतात आणि आपण त्यांच्या भाषेला नावे ठेवतो.

ओळख होण्याची पद्धत मात्र पुरती बदलली आहे. 'टिंडर' हे ॲप २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झाले आणि काही वर्षांतच भारतीय शहरांत रुळले. पहिला संदेश स्त्रीनेच पाठवावा असा नियम घेऊन 'बंबल' डिसेंबर २०१८ मध्ये येथे आले. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी जी माहितीपत्रिका घरोघर फिरे, तिच्या जागी आता पाच-सहा छायाचित्रे असतात. पत्रिकेत गोत्र, नाडी, पगार लिहिलेला असे. छायाचित्रांत हे सगळे सुचवावे लागते. डोंगरावरचा एक फोटो, मित्रांच्या लग्नातला कुर्त्यातला एक, कुत्र्याबरोबरचा एक. कपडे येथे अंगावर घालण्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर घालण्याची वस्तू होतात आणि पहिल्या भेटीत निम्मा वेळ त्या फोटोशी समोरचा माणूस जुळवून पाहण्यातच जातो.

मुलींच्या बाबतीत तर एकाच दिवशी दोन प्रेक्षकांसाठी कपडे करावे लागतात. घरातून निघताना वरून एक शर्ट किंवा स्टोल असतो, तो लोकलच्या महिला डब्यात उतरतो आणि परतीच्या प्रवासात पुन्हा चढतो. पुण्यात दुचाकीवरील मुलींनी डोळे सोडून सारा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळण्याची रीत ऊन आणि धूळ यांमुळे पडली हे खरे. पण मागच्या सीटवर बसल्यावर ओळखीच्या काकांनी ओळखू नये, हा तिचा लाभही कोणी नाकारणार नाही. ज्या शहरात प्रेमात पडलेल्या मुलीला तोंड झाकून फिरणे सोयीचे वाटते, त्या शहराला आपण आधुनिक म्हणत असतो.

खुर्चीचे भाडे

प्रश्न येऊन थांबतो तो जागेपाशी. जुन्या इराणी हॉटेलांतील 'फॅमिली रूम'ने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांचे गुपित सांभाळले. ती हॉटेले एकामागून एक बंद झाली. बेंगळुरूत १९९६ मध्ये उघडलेल्या 'कॅफे कॉफी डे'ने पुढची दोन दशके ती भूमिका काही अंशी निभावली. एका कॉफीवर दोन तास बसू देणारे वेटर ही त्या पिढीची खरी सामाजिक संस्था होती. संस्थापकांच्या २०१९ मधील निधनानंतर ती साखळी आकसत गेली. 'स्टारबक्स' ऑक्टोबर २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलला आले आणि कॉफीचा दर वेगळ्याच पातळीवर गेला. आज अशा ठिकाणी दोन कॉफ्यांना सहज पाच-सहाशे रुपये पडतात. म्हणजे अंगावरच्या टी-शर्टपेक्षा खुर्चीचे तासाभराचे भाडे अधिक! पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या 'वैशाली'त दर परवडतात, पण मागे ताटकळणाऱ्यांची रांग पाहता तेथे निवांत मनोगत सांगण्याची सोय नाही.

'अनोळखी माणसाला आधी गर्दीच्या ठिकाणीच भेटा' हा सल्ला सगळे देतात आणि तो रास्तच आहे. त्याचाही धंदा झाला. २०२४ मध्ये दिल्लीत आणि मुंबईत अशी प्रकरणे उघड झाली की, ॲपवर ओळख झालेली तरुणी मुलाला ठरावीक कॅफेत किंवा क्लबमध्ये नेई, भराभर पदार्थ मागवी, निघून जाई आणि मागे हजारोंचे बिल उरे. दिल्लीतील एका प्रकरणात ते लाखाच्या वर गेले. पैसे दिल्याशिवाय बाहेर सोडले जात नसे. तक्रार करण्यास फसलेली मुले कचरतात, कारण तेथे आपण कशासाठी गेलो होतो हे घरी सांगावे लागते.

न्यायालय आणि हवालदार

कायद्याच्या पुस्तकात या पिढीला जेवढे स्वातंत्र्य आहे तेवढे आधीच्या कोणत्याही पिढीला नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधील समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्याच वर्षी केरळमधील हादिया प्रकरणाच्या निकालपत्रात पोशाख, आहार, विचार, प्रेम आणि जोडीदार या बाबी व्यक्तीच्या ओळखीच्या गाभ्याशी निगडित असल्याचे म्हटले गेले. पोशाख आणि प्रेम यांचा एका दमात झालेला हा उल्लेख पुरेसा बोलका आहे. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये असेही स्पष्ट केले की, अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही.

रस्त्यावरचा अनुभव निराळा. ऑगस्ट २०१५ मध्ये मालवणी पोलिसांनी मढ आणि अक्सा परिसरातील हॉटेलांवर छापे घालून सुमारे ४० जोडप्यांना ठाण्यात नेले. बंद खोलीत असलेल्या या प्रौढांवर लावले गेले ते पोलीस कायद्याचे ११० वे कलम, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. ओरड झाल्यावर तत्कालीन पोलीस आयुक्तांनी चौकशीचे आदेश दिले, परंतु ज्यांच्या घरी फोन गेले त्यांच्यासाठी चौकशीला अर्थ उरला नव्हता. हे कलम आजही कायम आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'ओयो' कंपनीने मेरठपासून सुरुवात करून अविवाहित जोडप्यांना खोली नाकारण्याची मुभा आपल्या हॉटेलांना दिली. कायद्याने जे अडवता येत नाही ते अशा रीतीने स्वागतकक्षातच अडते.

यावर 'मुलींच्या सुरक्षेचे काय?' हा प्रश्न विचारला जातो आणि तो टाळता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या बोपदेव घाटात मित्राबरोबर गेलेल्या २१ वर्षांच्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर टेकड्या आणि घाटांवर दिवे व कॅमेरे बसवण्याच्या योजना जाहीर झाल्या. त्या आवश्यकच आहेत. पण रात्री दोघे घाटात का गेली, हे विचारणाऱ्यांनी शहरात त्यांना बसायला कोणती जागा मोकळी होती, हेही सांगावे. एकांत हवा असेल तर धोका पत्करा, असाच हा सौदा असेल, तर त्याची किंमत मुलगीच मोजते.

वसईच्या तरुणीची दिल्लीत मे २०२२ मध्ये झालेली हत्या त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उघडकीस आली. तिची आणि आरोपीची ओळख ॲपवर झालेली असल्याने चर्चा ॲपभोवती आणि दोघांच्या धर्मांभोवती फिरत राहिली. राज्य सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समितीही नेमली. मात्र हत्येच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, मारहाण आणि जिवाला धोका असल्याची लेखी तक्रार तिने स्वतःच पोलिसांकडे दिली होती आणि नंतर मागे घेतली होती, हा तपशील या गदारोळात मागे पडला. घराशी तिचा संपर्क जवळपास तुटला होता. नाते लपवावे लागले की त्यातली मारहाणही लपवावी लागते. समितीने यासाठी काय करायचे, याचा उल्लेख कोणी केला नाही.

बागांचा पर्याय महापालिकांच्या हातात आहे. पुण्यातील अनेक उद्याने दुपारी बंद असतात, नेमकी महाविद्यालये सुटण्याच्या वेळी. संध्याकाळी उघडतात आणि अंधार पडून थोडा वेळ झाला की रखवालदाराची शिट्टी वाजते. झाडीआडचे बाक हलवून दिव्याखाली आणले की आपण काम केले, असे उद्यान विभागाला वाटते. मुंबईत उरतो तो मरिन ड्राइव्हचा कठडा. तेथे पैसे पडत नाहीत, शेजारी कोण बसले आहे हे कोणी पाहत नाही आणि झुडिओतला शर्ट तेथे शोभूनही दिसतो. पावसाळ्यात मोठी भरती असली की मात्र पोलीस तेथूनही उठवतात.