नक्कल विका, पण नक्कल म्हणूनच!

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघाले की आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. शाहूवाडी तालुक्याची ही बाजारपेठ. घाट उतरण्यापूर्वी ब्रेक पाहून घेणे, क्लचची केबल बदलणे, टॅपेट सेट करणे, पंक्चर काढणे अशा कामांवर या रस्त्यावरील गॅरेजवाल्यांची रोजी चालत आली. त्यांत आपल्या समाजातील अनेक बांधव आहेत. मात्र एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून साधा कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता दोष शोधायचा तर स्कॅनर लागतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर पिस्टनही नाही आणि प्लगही नाही. इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट ढिले आहे की गजन पिन वाजते आहे, हे सांगणाऱ्या उस्तादाच्या हुनराचे पुढे काय होणार? मलकापुरात, मिरजेत, इचलकरंजीत, सगळीकडे हाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक छोटेसे उत्तर या लेखात मांडायचे आहे. हा धंदा सर्वांना पुरेल असा नाही. मात्र दहा-वीस चांगल्या कारागिरांना तो इज्जतीची रोजी देऊ शकेल. हा धंदा म्हणजे जुन्या काळच्या शर्यतीच्या मोटारसायकलींच्या हुबेहूब प्रतिकृती बनविणे.

हा धंदा आहे तरी काय?

इंग्लंडजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून मोटारसायकलींच्या शर्यती होत आल्या आहेत. १९११ पासून तेथे सुमारे ६० किलोमीटरचा डोंगरी रस्ता वापरात आला. त्या व इतर मैदानांवर गाजलेल्या जुन्या गाड्यांसाठी युरोपात आता वेगळ्या शर्यती भरतात. पण मूळ गाड्या थोड्याच उरल्या आहेत, त्यांचे लोखंड थकले आहे आणि किमती आभाळाला भिडल्या आहेत. १९५१ सालची एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील लिलावात ९ लाख २९ हजार डॉलरला विकली गेली. एवढ्या किमतीची वस्तू मैदानात उतरवून कोण आपटणार? म्हणून त्याच मापाची, त्याच पद्धतीने घडविलेली नवी गाडी लोक मागतात.

नॉर्टन मँक्स या गाडीचे उदाहरण घ्या. एका सिलिंडरची ही शर्यतीची गाडी १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बनणे बंद झाले. तिची ‘फेदरबेड’ नावाची फ्रेम बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी आखली आणि १९५० साली जेफ ड्यूक यांनी त्याच फ्रेमच्या गाडीवर मानाची सीनियर टीटी जिंकली. ही गाडी आजही इंग्लंडमध्ये नवी कोरी बनते. अँडी मोल्नार यांच्या वर्कशॉपसारख्या छोट्या कारखान्यांतून तिचे इंजिन व सुटे भाग तयार होतात. जॉर्ज बील यांनी तर माइक हेलवूड ज्या सहा सिलिंडरच्या होंडावर १९६७ साली ३५० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले, तिच्याही प्रतिकृती बनविल्या. ही मोठ्या कंपन्यांची कामे नव्हेत. लेथ, मिलिंग, गॅसची शेगडी आणि चार-सहा हुशार हात, एवढ्यावर ती चालतात.

काळाला धरून काम

अशा कामात दिसायला सारखे असणे पुरत नाही, काम त्या काळाला धरून असावे लागते. जुन्या ब्रिटिश गाडीत मेट्रिक बोल्ट घातला की जाणकार गिऱ्हाईक तेथेच मान हलवितो. त्या गाड्यांवर एका इंचात २६ आटे असलेला ‘सायकल थ्रेड’ असे, इंजिनाच्या केसिंगमध्ये व्हिटवर्थचे आटे असत, आणि व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ६० नसून ५५ अंशांचा. १९३० च्या आधीच्या गाडीवर चकचकीत क्रोम दिसले तर ते चूक, कारण तेव्हा निकेलचा मुलामा असे. क्रोमचा बाजार १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. फेदरबेडची फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या जातीच्या पोलादी नळ्यांची आणि तिचे जोड गॅसवर ब्राँझच्या काडीने भरलेले. तेथे आजचे आर्क वेल्डिंग मारले तर सारी मेहनत वाया जाते. ॲल्युमिनियमची टाकी हातोडी आणि वाळूच्या पिशवीवर ठोकून आकाराला आणावी लागते. एवढेच काय, त्या काळी शर्यतीच्या इंजिनात एरंडेलापासून बनविलेले तेल घालत. कॅस्ट्रॉल हे नावच एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून पडले.

आता सांगा, यांतील कोणते काम आपल्या भागात होत नाही? कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिने, उसाचे चरक आणि त्यांचे सुटे भाग घडले. शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून देशभराला कास्टिंग जाते. पॅटर्नमेकर, मोल्डर, टर्नर, फिटर, पत्र्याचे काम करणारा डेंटर, मुलामावाला हे सारे मलकापूरपासून दीड-दोन तासांच्या आत सापडतात. याच कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी १९१८ मध्ये तो पुरा केला आणि ‘सैरंध्री’सारखा चित्रपट १९२० साली पडद्यावर आणला. परदेशी यंत्र पाहून, समजून घेऊन हातांनी उभे करण्याची परंपरा या मातीला नवी नाही.

आपल्या बिरादरीपुरते बोलायचे तर मिरजेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तलवारी आणि शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम एकोणिसाव्या शतकात राजवट बदलल्यावर संपत आले. तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्याने भोपळा व लाकूड हाती घेतले आणि तंबोरे बनविले. आज देशातील मोठमोठे गवई मिरजेचा तंबोरा मागतात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हुन्नर असलेल्या माणसाचे जुने काम गेले तरी त्याचे हात रिकामे राहत नाहीत, ते नव्या कामाला लागतात.

सुरुवात घरच्या गाड्यांपासून

मँक्स नॉर्टनवर पहिल्याच दिवशी उडी मारू नये. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टाईचा ट्रॅक झाल्यावर ते पर्व मागे पडले. मद्रासमध्ये १९५५ पासून जुळणी सुरू झालेली बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा व येझदी (हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला), आणि एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाच्या परवान्याने काढलेली राजदूत ३५०, या गाड्या आपल्या मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेल्या आहेत. त्यांचे पोर्ट घासून, सायलेन्सर बदलून त्या शर्यतीला कशा तयार करीत, हे सांगणारे उस्ताद अजून हयात आहेत. त्यांच्याकडून ही विद्या लिहून घेतली पाहिजे. सुटे भाग मुंबईच्या चोर बाजारापर्यंत जाऊन शोधता येतात. जे मिळत नाहीत ते मापे घेऊन घडविता येतात.

खरा प्रश्न इमानाचा

आता मुद्द्याचे बोलू. या धंद्यात कारागिरीपेक्षा मोठी परीक्षा इमानाची आहे. मूळ गाडी लाखोंना जाते आणि प्रतिकृती तिच्या काही हिश्श्याला. मधला फरक भल्याभल्यांना मोहात पाडतो. चेसिसवर जुना नंबर ठोकायचा, नव्या पत्र्याला तेजाब लावून गंज आणायचा, कुठून तरी जुने आरसी बुक पैदा करायचे, की झाली ‘अस्सल’ गाडी! कोणी म्हणेल, गिऱ्हाईकच तसे मागते, आमचा काय दोष? पण आज तुम्ही ज्याला विकता ते गिऱ्हाईक उद्या ती गाडी तिसऱ्याला विकणार आहे. त्या तिसऱ्या माणसाला कोण सांगणार?

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तो आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारून, जो फसवितो तो आमच्यापैकी नाही, असे प्रेषितांनी बजावले. ही हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. धान्याच्या जागी मोटारसायकल ठेवा, हुकूम तोच राहतो. नवे असेल ते नवे म्हणून वर दिसले पाहिजे.

म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक प्रतिकृतीवर बनविणाऱ्याचे स्वतःचे चिन्ह, स्वतःचा क्रमांक आणि बनविल्याचे साल पक्के ठोकलेले असावे, आणि ते पुसता येऊ नये. जुन्या गाडीचा क्रमांक नव्या फ्रेमवर घालणे गुन्हा तर आहेच, शिवाय एका पकडीत साऱ्या गल्लीतील गॅरेजांची बदनामी होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. ती सवलत मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे, काल बनविलेल्या फ्रेमसाठी नाही. प्रतिकृती मैदानासाठी आणि दिवाणखान्यासाठी आहे, हे गिऱ्हाइकाला आधीच लिहून द्यावे.

दुसरा नियम टाकीवरच्या नावाचा. नॉर्टन हे नाव २०२० पासून होसूरच्या टीव्हीएस कंपनीकडे आहे आणि बीएसए हे नाव २०१६ मध्ये महिंद्रा गटाने घेतले. ही नावे बेवारस नाहीत, त्यांचे मालक आता आपल्याच देशात आहेत. परवानगी असेल तर नाव लिहावे, नसेल तर टाकी कोरी ठेवावी. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल मांडली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. २०१९ मध्येच मानांकन मिळालेल्या आपल्या चपलेचा तो अपमान साऱ्या जिल्ह्याला झोंबला. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली. दुसऱ्याने आपली नक्कल न सांगता केली तर आपल्याला राग येतो, मग आपणही तेच कसे करावे?

तिसरा नियम सुरक्षिततेचा. काळाला धरून राहण्यालाही हद्द आहे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन घर करते, म्हणून ते कदापि वापरू नये. मँक्सच्या इंजिनाचे केसिंग मॅग्नेशियमचे असे. तो धातू पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. ज्या फौंड्रीला त्याचा अनुभव नाही तिने ॲल्युमिनियम वापरावे. पेट्रोलमधील शिसे २००० मध्ये देशभर बंद झाले, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या हव्यात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने जुन्या पद्धतीचे रबर फुगते. असे बदल खुशाल करावेत, पण प्रत्येक बदल बिलावर लिहावा. लिहिलेला बदल कारागिराची अक्कल दाखवितो. तोच लपविला तर तो ऐब ठरतो.

भांडवल आणि करार

भांडवलासाठी व्याजाच्या दारी जाण्याची गरज नाही. अशी गाडी कोणी तयार करून दुकानात मांडत नाही, ऑर्डर आल्यावरच ती बनते. हनफी फिकहमध्ये ‘इस्तिस्ना’ म्हणजे वस्तू बनवून घेण्याचा करार मान्य आहे. वस्तूचे वर्णन, किंमत आणि मुदत स्पष्ट ठरवावी व हप्त्याहप्त्याने रक्कम घ्यावी. शाफई मसलकाच्या बांधवांनी आपल्या आलिमांना विचारून कराराचे रूप ठरवावे. ज्या व्यापाऱ्याकडे पैसा आहे पण हुन्नर नाही, त्याने मिस्त्रीशी मुदारबत करावी. नफ्याचा हिस्सा आधी ठरवावा. धंद्यात तोटा झाला तर पैसा व्यापाऱ्याचा जाईल आणि मेहनत मिस्त्रीची.

मलकापूरच्या एखाद्या मिस्त्रीने चालू गॅरेज मोडून या धंद्यात पडावे, असे मी म्हणत नाही. गॅरेज चालू ठेवावे, एका कोपऱ्यात एक फ्रेम उभी करावी, प्रत्येक मापाची वही ठेवावी, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा आणि मुलाला शेजारी उभे करावे. पहिल्या गाडीत नफा दिसणार नाही. पण ती गाडी, तिची वही आणि तिच्यावरचा खरा शिक्का, या तीन गोष्टी दुसरे गिऱ्हाईक आणतील. दूरदेशीचे गिऱ्हाईक आपला चेहरा ओळखत नाही, ते आपला शिक्का ओळखते. तो शिक्का खोट्या मालावर एकदा बसला की नंतर शंभर खऱ्या गाड्यांनीही धुऊन निघत नाही. तेव्हा हात चालवा, हुन्नर दाखवा आणि बिलावर मोठ्या अक्षरात ‘प्रतिकृती’ असे लिहा. त्या एका शब्दाने किंमत थोडी उतरेल, पण रोजीत बरकत राहील, इन्शाअल्लाह.