चौथ्या गिरकीचे गणित

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये इव्हान लायसाचेक याने चार गिरक्यांची एकही उडी न घेता, ती साधणाऱ्या येवगेनी प्लुशेन्को याला १.३१ गुणांनी मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. तेव्हा सावधपणा फळला. आताची गुणपद्धती धाडसाला झुकते माप देते. चार गिरक्यांच्या टो लूपचे मूळ मूल्य ९.५० आहे, तर तीन गिरक्यांच्या टो लूपचे ४.२०. चारही गिरक्या पूर्ण करून खेळाडू पडला, तरी निम्मे मूल्य आणि दंडाचा एक गुण वजा जाता ३.७५ गुण उरतात. धाडस फसल्यास तोटा अर्ध्या गुणाहून कमी, साधल्यास लाभ पाचांहून अधिक.

मात्र गिरकी अपुरी राहिल्यास मूळ मूल्यच घटते. शिवाय पडण्याने लय मोडते आणि पुढील उड्या डळमळतात. २०२२ मध्ये बीजिंगला पहिल्या फेरीअखेर आठव्या स्थानी असलेल्या युझुरू हान्यू याने साडेचार गिरक्यांचा अ‍ॅक्सेल आजमावला. तो पडला, तरीही एकूण चौथा आला; मागे पडलेल्याला गमावण्यासारखे थोडेच असते. आघाडीवरील खेळाडूचा हिशेब वेगळा असतो. सरावात गिरकी सातत्याने पूर्ण होत नसेल, तर ती उडी वगळणेच त्याच्या हिताचे ठरते.