निकाल हाती, ताबा नाही



जमिनीचा दावा ज्याने लढवला असेल त्याला विचारा. निकाल आपल्या बाजूने लागणे वेगळे आणि शेताचा ताबा मिळणे वेगळे. पॅलेस्टाईनच्या शेतकऱ्याचे आज तसेच झाले आहे.

जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख इस्राएलने जून १९६७ च्या लढाईत घेतला. तिथे लष्करी अंमल बसला तो आजही आहे. इथले मुख्य झाड जैतुनाचे. दगडी ताली घातलेल्या उतारावर, नुसत्या पावसावर जगणारे. आजोबाने लावावे अन् नातवाने तेल खावे असे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सारे घर तोडणीला जाते, लेकरेसुद्धा.

आता गोम ऐका. तिथे तुर्कांच्या राज्यातला १८५८ चा जमीन कायदा आहे. शेत तीन वर्षे पडीक राहिले तर ते सरकारजमा करता येते. तुर्कांचे राज्य कधीच बुडाले, पण १९८० च्या सुमारापासून इस्राएलने त्याच कायद्यावर बोट ठेवून पुष्कळ जमीन सरकारी ठरवली आणि त्यातली बरीच आपल्या वसाहतींना दिली. पुढे २००२ मध्ये भिंत उभी राहू लागली. घातपाती हल्ले थोपवण्यासाठी, असे इस्राएलचे म्हणणे. पण ती जुनी हद्द सोडून आत शिरली. घर अलीकडे, शेत पलीकडे! जायला लष्कराचा परवाना लागतो, आणि काही फाटके तर फक्त तोडणीच्या दिवसांत उघडतात. मग नांगरट, छाटणी कधी करायची? नाही केली तर रान पडीक, आणि पडीक रानाचे काय होते ते वर सांगितलेच.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये ही भिंत बेकायदा ठरवली. १९ जुलै २०२४ रोजी तर सारा कब्जाच बेकायदा ठरवला. आपले भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क पॅलेस्टिनींचा आहे, म्हणून इस्राएलने लवकरात लवकर निघावे, असे सांगितले. पण हे पडले सल्ल्याचे मत. बजावणीला बेलीफ नाही, आणि सुरक्षा समितीत अमेरिकेचा नकाराधिकार आडवा येतो.

त्याच सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बारा महिन्यांची मुदत घातली. बाजूने १२४ मते, विरुद्ध १४, तटस्थ ४३. तटस्थांत आपला भारतही होता. १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता देताना आपण पुढे होतो, म्हणून मला तरी हे रुचले नाही.

मुदत सप्टेंबर २०२५ मध्ये संपली, तेव्हा लष्कर होते तिथेच होते. पुढच्याच महिन्यात जैतुनाची तोडणी आली.