आणि पत्रे कधी?

परवा एका तरुणाचा फोन आला. "अंकल, लेंटमधे आमची युवक सभा आहे. तुम्ही साक्ष द्याल का? तुमची स्टोरी फार पॉवरफुल आहे."

मी नाही म्हणालो. तो बिचारा गडबडला. देवाचा गौरव, तरुणांना प्रेरणा, वगैरे बोलू लागला. फोनवर मला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. थोडं तिखट होईल. नातेवाईकांपैकी जे इथे नियमित डोकावतात त्यांना आधीच सांगतो: होय, तीच गोष्ट. काका, लगेच फोन लावू नका. घरातलं चव्हाट्यावर आणू नये हे मला कळतं, पण हे चव्हाट्यावर 2010 सालीच आलेलं आहे, आणि आणणारा मीच होतो.

ख्रिस्ती नसलेल्या ब्लॉगमित्रांसाठी: साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. मी कसा होतो, कसा पडलो आणि प्रभूने मला कसं उचललं हे सभेत उभं राहून सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. चांगली प्रथा आहे. पण हल्ली त्यात पडण्याला दहा मिनिटं मिळतात (रसभरीत, की-बोर्डच्या साथीने), उचलण्याला दोन, आणि ज्याच्या अंगावर आपण पडलो त्याला शून्य. माझं भांडण या शून्याशी आहे.

तर गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या मंडळीचा मी खजिनदार होतो. चर्चचे पत्रे गळायचे, म्हणून ते बदलायला निधी जमवत होतो. त्याच वेळी माझं मोबाइलचं छोटं दुकान बुडत होतं. पहिल्यांदा पाच हजार उचलले तेव्हा मनात होतं, सोमवारी भरतो. तो सोमवार आलाच नाही. सात महिन्यांत 62,000 झाले. पावसाळ्याच्या तोंडावर कमिटीने ठेकेदार ठरवला, पैसे मागितले, आणि सगळं उघडं पडलं.

रडलो. खरंच रडलो, नाटक नव्हतं. पाळकसाहेबांपाशी कबूल केलं, प्रार्थना झाली. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं की देवाने आपल्या भावाला क्षमा केली आहे, आपणही विषय इथेच संपवू या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पाऊस होता आणि आत तीन ठिकाणी बादल्या लावल्या होत्या.

टाळ्या न वाजवणाऱ्यांत सिस्टरबाई होत्या. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहायच्या. पेन्शनमधून दर महिन्याला निधीला पाचशे रुपये द्यायच्या. उपासना सुटल्यावर दाराशी त्यांनी मला गाठलं. वाटलं, आता जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "देवाने क्षमा केली ते ऐकलं. आणि पत्रे कधी?"

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्या दिवशी चर्चमधे शास्त्राला धरून बोललेलं एवढं एकच वाक्य होतं.

लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय काढून बघा. शेजाऱ्याचं लुबाडलेलं आधी पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, मग दोषार्पण घेऊन याजकाकडे जायचं. जुना करार म्हणून सोडून द्यायचं असेल तर मत्तयाचा पाचवा घ्या. वेदीपाशी दान घेऊन आलेल्याला आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर येशू त्याला दान तिथेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत 'ऋण' म्हणतो. इतका हिशेबी शब्द रोज तोंडी असताना हिशेबाचीच लाज कसली?

यावर ठरलेलं उत्तर येतं: म्हणजे तुम्ही तारण कमवायला निघालात! कृपा फुकट असते! असते ना. माझं सगळं आयुष्य त्या फुकट मिळालेल्यावर चाललंय. पण पत्रे फुकट येत नाहीत. जक्कयाकडे बघा. त्याने एक पै परत करण्याआधीच येशू त्याच्याकडे पाहुणा म्हणून निघाला, म्हणजे कृपा आधी आलीच. पण ती घरात आल्यावर जक्कय गप्प बसून राहिला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असा आकडाच बोलला. आमच्या सभांमधे जक्कय झाडावरून उतरतो आणि गोष्ट संपते.

पेत्राचं तर आम्ही फारच सोपं करून टाकलंय. त्याने येशूला तीनदा नाकारलं ते प्रमुख याजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी येशू न्याहारीला बोलावतो तिथेही कोळशाचा विस्तव आहे. योहानाच्या ग्रीकमधे दोन्हीकडे एकच शब्द आहे आणि सगळ्या नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. हे मला समजलं तेव्हा अंगावर काटा आला होता. धुराचा तोच वास, हाताला तीच ऊब. रात्रभर मासे धरून थकलेल्या माणसाला नुसतं जवळ घेऊन विषय संपवता आला असता. येशूने त्याला त्याच विस्तवापाशी आणून तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, असं योहान मुद्दाम लिहितो. येशूने ते वाटू दिलं. आणि मग सोपवली ती मेंढरं. चारायची, राखायची.

कोणी म्हणेल, पेत्र पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत गर्दीपुढे बोललाच की. बोलला. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. त्या भाषणात स्वतःच्या पडण्याची गोष्ट शोधून दाखवा. एक शब्द नाही.

दुसरं लाडकं उदाहरण जॉन न्यूटनचं, 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारा. 1748 च्या वादळात त्याने देवाला हाक मारली, गुलामांचा व्यापारी बदलला, गीत लिहिलं, आमेन. प्रत्यक्षात त्या वादळानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला आणि 1754 पर्यंत त्या धंद्यात होता. गीत 1773 च्या नववर्षाच्या उपासनेसाठी लिहिलेलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पत्रक काढून, मी हे स्वतः केलं आहे, अशी जाहीर कबुली त्याने दिली ती 1788 मधे. वादळानंतर चाळीस वर्षांनी! ही चाळीस वर्षं साक्षीत कोणी सांगत नाही. जहाजाच्या तळाशी साखळदंडात होते त्यांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची तारीख 1748 नव्हे.

माझा मामला पैशाचा होता, म्हणून निदान मोजता तरी आला. पण नवऱ्याचा मार खाऊन पाळकांकडे आलेल्या बाईला "सत्तर वेळा सात क्षमा कर" सांगून परत पाठवलेलं मी पाहिलंय. पुढे तो नवरा सभेत साक्ष देतो, टाळ्या घेतो, आणि ती पहिल्या रांगेत मान खाली घालून बसते. तिच्या वतीने क्षमा देऊन टाकायचा अधिकार त्या सभेला कोणी दिला? ज्यांनी मला 2010 साली सांगितलं होतं की पुन्हा चर्चची पायरी चढू नकोस, त्यांचं चुकलंच. पण त्यांचा मला तितका राग येत नाही. काहीच झालं नाही असं तरी ते म्हणाले नव्हते.

असो. पत्र्यांकडे येतो. सिस्टरबाईंनी एक वही केली. 62,000 आणि वर पाचवा हिस्सा 12,400, एकूण 74,400. दुकान गेलं होतं, मी दुसऱ्याकडे नोकरीला लागलो होतो. महिन्याला 1,550 जमतील म्हणालो. जानेवारी 2011 पासून दर पाच तारखेला त्यांच्या घरी जायचो. त्या चष्मा लावून पैसे मोजायच्या, वहीत लिहायच्या, सही घ्यायच्या आणि पैसे कमिटीकडे पोचवायच्या. चहा द्यायच्या. बोलणं बेताचंच. एका महिन्यात मी दोनशे कमी घेऊन गेलो तर चहा झाला, सही झाली नाही. उरलेले आणून दिल्यावर झाली. पत्रे 2012 च्या उन्हाळ्यात बदलले. मजुरांना हाताशी म्हणून मीही वर चढलो होतो, पाठ भाजून निघाली.

डिसेंबर 2014 ला अठ्ठेचाळिसावा हप्ता. मी मनात काय काय ठरवून गेलो होतो. त्यांनी पैसे मोजले, 'पूर्ण' असं लिहिलं, वही कपाटात ठेवली. मग पर्समधून तीनशे रुपये काढून माझ्यापुढे धरले. "रविवारी शब्बाथ शाळेच्या पोरांना खाऊ लागतो. बिस्किटं आणशील का? बिल आण."

मी सत्तावन्न पारले-जी आणले. 285 रुपये. पंधरा रुपये आणि बिल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बिल वाचलं, घडी केली आणि ठेवून दिलं. चार वर्षांत एकदाही न रडलेला मी घरी येऊन न्हाणीघरात दार लावून बसलो. बायकोला वाटलं पोट बिघडलं.

सिस्टरबाई आता नाहीत. खाऊ अजून मीच आणतो. बिलं फाइलला लावतो. ती फाइल आता कोणी मागत नाही.

त्या तरुणाला मी उलट विचारलं, सभेला शंभरेक पोरं येणार, त्यांच्या नाश्त्याचं कोण बघतंय? विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही.