पट्टा तुटायच्या आत

एक सोप्पा प्रश्न. मोबाइलचं कव्हर शेवटचं कधी बदललंत? दिवाळीत? गुड. आता सांगा, गाडीचा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदललात?

शांतता!

‘आमच्या गाडीत असतो का तो?’ इथपासून सुरुवात असेल, तर दोस्तहो, आजचा कॉलम खास तुमच्यासाठी.

आधी फंडा समजून घ्या. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि त्यांच्या जोरावर खाली क्रँकशाफ्ट फिरतो. वरच्या मजल्यावर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. दोघांचा ताल पक्का: क्रँकचे दोन फेरे, की कॅमचा एक. बऱ्याच गाड्यांत हा ताल धरून ठेवतो तो एक दातेरी रबरी पट्टा. आत काचतंतूंचे दोर, बाहेर रबर, बस्स. एक्स्प्रेस-वेवर इंजिन ३,००० आरपीएमवर असतं, तेव्हा तुमचा कॅम सेकंदाला २५ फेरे मारत असतो आणि त्या पट्ट्याला एकही दाता चुकायची परवानगी नसते. अप्रेझलमध्ये आपल्याला असं कुणी मोजलं असतं तर?

ही आयडिया तशी जुनी. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या गाडीत असा पट्टा बसवला. त्याआधी हे काम साखळी नाही तर गिअर करायचे. पट्टा हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा. तोच त्याचा गुण आणि तीच सगळी गोची. साखळी सैल झाली की बहुतेक वेळा खडखडून सांगते. पट्टा बोलत नाही. ज्या दिवशी तुटायचा, त्या दिवशी सकाळीही गाडी पहिल्या चावीत सुरू होते.

आणि तुटला की? चाळीतलं कॉमन बाथरूम आठवा. एकजण बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याने आत जायचं नाही. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचं तसंच आहे, जागा एकच, पाळ्या वेगळ्या. पट्टा तुटला की पाळ्या संपल्या. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर खालून पिस्टन येऊन आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि मेकॅनिक गंभीर चेहरा करून म्हणतो, ‘हेड उतरवावं लागेल.’ काही इंजिनांत दोघांना पुरेल एवढी जागा ठेवलेली असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. आपलं इंजिन कुठल्या जातीचं, हे तुटायच्या आधी माहीत असलेलं बरं.

आमच्या घरी २००२ची होंडा सिटी आहे, १.५ पेट्रोल. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फिटनेस दाखवून पुन्हा नोंदणी केलेली. बाबा टेल्कोतून रिटायर झाले, पण गाडीतून काही रिटायर होत नाहीत. २००३च्या शेवटी आलेल्या सिटीत कंपनीने साखळी दिली, आमच्या मॉडेलात मात्र पट्टा. आणि इंजिन त्या आदळणाऱ्या जातीचं.

बाबांची एक फाइल आहे. सगळी बिलं तारखेप्रमाणे. आई-बाबांचा दापोलीला जायचा बेत ठरला, म्हणून मी सहज ती चाळली. पट्टा शेवटचा बदलला होता २०१७ मध्ये. त्यानंतर गाडी जेमतेम ३०,००० किलोमीटर चाललेली. म्हणजे आकड्याने पट्टा तरुण, वयाने म्हातारा. इथेच बहुतेक लोक गंडतात. गाडीच्या पुस्तकात दोन अटी असतात, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते. आकडे गाडीगणिक वेगळे, पण रबर पार्किंगमध्ये उभं राहूनही म्हातारं होतं. उष्णता, धूळ, कुठून तरी झिरपलेलं तेल त्याला पुरतं.

ओळखीच्या दोन गॅरेजांत विचारलं. दोन्हीकडे एकच उत्तर: ‘आवाज येतोय का? नाही ना? मग राहू द्या की.’ हे आपलं राष्ट्रीय धोरणच आहे म्हणा ना. दात दुखेपर्यंत डेंटिस्ट नाही, हार्ड डिस्क उडेपर्यंत बॅकअप नाही, छातीत कळ येईपर्यंत चेकअप नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

कशाला, तर सांगते. ताम्हिणी घाटाच्या उतारावर इंजिन एकदम बंद पडलं, तर पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं. ब्रेकला मिळणारी मदत पेडल दोन-चारदा दाबलं की संपते, मग सगळा जोर पायाचा. आणि तो पाय बहात्तर वर्षांचा असणार होता. मला हेड उतरवायच्या खर्चाचं टेन्शन नव्हतं हो.

‘आपणच करू,’ बाबा म्हणाले. त्यांच्या हाताला आता थोडा कंप आहे. त्यामुळे ‘आपण’ म्हणजे पाना माझ्या हातात आणि खुर्ची त्यांची, हे न बोलता ठरलं. मी आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते. म्हटलं, शनिवार-रविवार इंजिनात शोधू.

आधी सामान. नाना पेठेतून बेल्ट, टेन्शनर, दोन ऑइल सील, ओ-रिंग, कूलंट आणि वॉटर पंप. काउंटरवरच्या दादांच्या भाषेत ‘वॉटर बॉडी’. पंप कशाला? कारण आमच्या इंजिनात हाच पट्टा जाता जाता वॉटर पंपही फिरवतो. पंप बदलायचा तर पट्टा काढावाच लागतो. आज फक्त पट्टा बदलला आणि वर्षभराने पंपाने मान टाकली, तर तीच सगळी मजुरी पुन्हा. पलंग सरकवलाच आहे, तर खालचा केर काढून घ्यावा, एवढं साधं लॉजिक. टेन्शनरचंही तेच, त्याच्या बेअरिंगने दगा दिला की नव्या पट्ट्याला कोण विचारतो?

मग सोसायटीचे सेक्रेटरी. ‘पार्किंगमध्ये गॅरेज काढताय का?’ रविवारी रात्रीपर्यंत जमीन चकाचक, असा शब्द दिला आणि परवानगी मिळवली. हसू नका, निम्मा प्रोजेक्ट तोच होता.

शनिवारी सकाळी थंड इंजिनावर सुरुवात. बॅटरीची वायर काढली. कूलंट तसराळ्यात काढून लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरला. हे महत्त्वाचं. कूलंट चवीला गोड असतो आणि विषारी. पार्किंगमधली कुत्री-मांजरं तो चाटतात आणि मरतात. मग पुढचं डावं चाक काढलं. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही कधीही खाली शिरायचं नाही. डावीकडचं फाउंडेशन सोडायचं म्हणून इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक लावला.

या कामाचा व्हिलन म्हणजे क्रँक पुलीचा बोल्ट. वर्षानुवर्षं आवळून बसलेला. पुली धरून ठेवायचं खास हत्यार, मोठी गोटी, लांब हँडल आणि त्यात घुसवलेला तीन फुटी पाइप. मी लटकले. काही नाही. पुन्हा लटकले. वरच्या मजल्यावरचे काका चहाचा कप घेऊन मॅच बघायला उभे राहिले. तिसऱ्या वेळेला ‘टक्’ असा आवाज झाला. बाबांनी पाठीकडे बघितलं, माझ्या नव्हे, बोल्टच्या. ‘आटे चांगले आहेत,’ म्हणाले. तारीफ संपली.

पण खरं सांगू? जोर लागतो तो तेवढाच. बाकी सगळा खेळ खुणांचा. पट्टा काढायच्या आधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणायचा. कॅमच्या पुलीवर ‘अप’ लिहिलंय ते वर, तिच्या दोन खाचा हेडच्या कडेशी सरळ रेषेत, खाली क्रँकची खूण बाणासमोर. हे जुळलं की फोटो काढायचे. मग पुलीवर आणि इंजिनावर पांढऱ्या रंगाच्या आपल्या खुणा करायच्या. त्यानंतर पट्टा सैल करायचा, आणि तो निघाला की क्रँक-कॅम यांना उगाच हात लावायचा नाही.

जुना पट्टा हातात आला आणि माझा पोपट झाला. एक भेग नाही. दाते शाबूत. आईने गॅलरीतून विचारलंच, ‘चांगला दिसतोय की गं! उगाच काढलात?’

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बॅटरीचा उजेड वॉटर पंपाकडे वळवला. पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. आतलं सील गळायला लागलं की पाणी आधी तिथून येतं. म्हणजे ते भोक हीच पंपाची बोलायची जागा. त्याच्या खाली सुकलेल्या कूलंटचा ओघळ होता. पंप उतरवून त्याची पुली हलवली, तर बोटाला स्पष्ट खेळ जाणवला. हे सगळं टायमिंग कव्हरच्या आत. जमिनीवर अजून एक थेंब नव्हता, टेम्परेचरचा काटा जागच्या जागी होता, आवाज तर नव्हताच. पट्टा धडधाकट होता, पण त्याच पट्ट्याच्या वाटेवरचा पंप कधी ना कधी जॅम होणार होता. जॅम झालेली पुली धडधाकट पट्ट्यालाही सोडत नाही.

मला वाटतं, या दोन दिवसांत कळलं ते एवढंच. आपण ज्याच्यावर डोळा ठेवून असतो ते बरेचदा ठीक असतं. बिघडतं ते शेजारचं, झाकणाखालचं. म्हणून लक्षणांची वाट बघायची नसते, तारीख पाळायची असते.

रविवारी जुळवाजुळव. पंपाची बसायची जागा पुसून कोरडी केली, नवी ओ-रिंग, छोटे बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्यावर. अॅल्युमिनियममध्ये ताकद दाखवली की आटे जातात. मग पट्टा, ठरलेल्या क्रमाने: क्रँक, टेन्शनर, पंप, शेवटी कॅम. आणि इथे बाबांचा टेल्कोतला नियम: ‘हाताने फिरवल्याशिवाय चावी नाही.’

क्रँकवर पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. जुन्या होंडांची ही इंजिनं पुलीच्या बाजूने बघितल्यास घड्याळाच्या उलट फिरतात, तेव्हा दिशा पुस्तकातून बघूनच. पाच-सहा पूर्ण फेरे, हळूहळू. कुठे अडलं तर तिथेच थांबायचं. हाताला लागलेली अडचण फुकट असते, स्टार्टरला लागलेली लाखमोलाची. मग टेन्शनर सैल करून पुस्तकातल्या पद्धतीने ताण द्यायचा, आवळायचा, आणि पुन्हा खुणा बघायच्या. एक दाता चुकला तरी सगळं पहिल्यापासून. मी बघितल्या. बाबांनी चष्मा बदलून बघितल्या. मग म्हणाले, ‘आता तू परत बघ. मी बघितलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस.’ आमच्या ऑफिसात कोड रिव्ह्यूला हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

संध्याकाळी कूलंट भरला, हीटर फुल्ल ठेवून आतली हवा काढली, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो. आवाज? आधी होता तसाच. एवढी मेहनत करून गाडी अगदी पूर्वीसारखीच चालते, हीच या कामाची ट्रॉफी.

आता तुम्ही करावं का हे घरी? सपाट जागा, तुमच्याच मॉडेलचं मॅन्युअल, स्टँड, टॉर्क रेंच आणि सोमवारी गाडीवाचून अडणार नाही अशी सोय, यातलं एकही नसेल तर नको. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांना क्रँक-कॅम लॉक करायची खास हत्यारं लागतात. ती नसतील तर सरळ गॅरेज गाठा. वॉरंटीतली गाडी असेल, तर पाना खाली ठेवा. पण गॅरेजला गेलात तरी भोळसटासारखे जाऊ नका. विचारा: बेल्टबरोबर टेन्शनर बदलताय का? पंप याच पट्ट्यावर आहे का? सील? जुने पार्ट मला दाखवाल ना? आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्या.

आज रात्री एवढंच करा. ग्लोव्ह बॉक्समधलं ते न उघडलेलं पुस्तक उघडा. साखळी असेल तर निवांत झोपा. पट्टा असेल तर शेवटचं बिल शोधा. सेकंडहँड गाडी आहे आणि बिलच नाही? मग पट्टा जुना आहे असंच धरून चाला.

आई-बाबा दापोलीला जाऊन आले. येताना फणस आणले, त्यातला एक सेक्रेटरींना. टायमिंग कव्हरवर बाबांनी मार्करने आजचे किलोमीटर आणि तारीख लिहिली आहे. अक्षर थोडं हललंय. त्याखाली पुढची तारीख आहे, २०३१, आणि तिच्यापुढे कंसात माझं नाव.